नियम लिहिणारे आणि वाचणारे

१९ मार्च २०१६, शनिवार. मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमध्ये फॉर्म्युला वनच्या नव्या हंगामाची पहिली पात्रता फेरी चालू होती. दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत कोण पुढे उभा राहणार आणि कोण मागे, हे ठरवणारी ही फेरी. शेवटच्या मिनिटांत तर प्रेक्षकांनी श्वास रोखून बसावे अशी तिची रचना असते. पण त्या दिवशी घड्याळात वेळ शिल्लक होता आणि ट्रॅक रिकामा होता. लुइस हॅमिल्टनची सर्वात जलद वेळ लागून गेली होती. बाकीचे ड्रायव्हर गाड्यांतून उतरले होते. फेरी संपल्याचा चौकडीचा झेंडा फडकला, तेव्हा त्याच्याखालून जायला कोणीच नव्हते.

हे घडले ते थरार वाढवण्यासाठी केलेल्या नियमामुळे. आधीच्या पद्धतीत पात्रता फेरीचे तीन टप्पे असत आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी सर्वात मंद गाड्या एकदम बाद होत. नव्या नियमाप्रमाणे पहिली काही मिनिटे गेली की दर ९० सेकंदांनी एकेक गाडी बाद होणार होती. प्रत्येकाच्या डोक्यावर टांगती तलवार, प्रत्येक दीड मिनिटाला एक बळी. कागदावर हे विलक्षण वाटते, आणि ज्यांनी हा प्रस्ताव मांडला त्यांचा हेतूही स्वच्छ होता.

पण इंजिनिअरांनी साधा हिशोब केला. अल्बर्ट पार्कची एक जलद फेरी ८४ सेकंदांच्या आसपास होते. त्या फेरीत गाडीवरचे मऊ टायर बहुतांशी खर्ची पडतात. वेळ सुधारायची तर हळू फेरी मारून पिटमध्ये यायचे, नवे टायर चढवायचे, ते तापवत पुन्हा एक फेरी मारायची आणि मग जोर लावायचा. या साऱ्याला ९० सेकंद पुरणे शक्यच नव्हते. म्हणजे तलवार डोक्यावर असतानाही हातात करण्यासारखे काही नव्हते. शिवाय टायरांचे संच मोजकेच मिळतात, ते शर्यतीसाठी वाचवलेले बरे. म्हणून सगळ्यांनी सुरुवातीलाच वेळ लावली आणि घरची वाट धरली.

नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रेक्षक होता. नियम वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त घड्याळ आणि टायर होते. या खेळातल्या नियमबदलांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास मला या दोन नजरांमधल्या अंतराचाच इतिहास वाटतो.

जागतिक अजिंक्यपद १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधल्या सिल्वरस्टोनला सुरू झाले. तेव्हाचे नियम मुख्यतः इंजिनाच्या आकाराबद्दल होते: दाबयंत्र लावलेले इंजिन दीड लिटरचे, नसलेले साडेचार लिटरचे. दोनच वर्षांत आल्फा रोमिओने अंग काढून घेतले, पुरेशा गाड्याच उरेनात, आणि १९५२ व १९५३ ची अजिंक्यपदे खालच्या गटाच्या दोन लिटर इंजिनांवर खेळवावी लागली. दोन्ही वर्षी फेरारीचा आल्बेर्तो आस्कारी जिंकला. नियम कितीही विचारपूर्वक लिहिला तरी त्याच्यासाठी गाडी बांधायला कोणीतरी तयार असावे लागते, हे तेव्हापासूनचे सत्य आहे. २०२६ च्या नियमांपर्यंत ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वाचणाऱ्यांची बुद्धी किती तीक्ष्ण असते हे पाहायचे तर सत्तरच्या दशकात जावे. लोटस संघाने गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचा असा उपयोग केला की ती गाडीला जमिनीकडे ओढून धरू लागली. वळणावर इतर गाड्या घसरत तिथे लोटस रुळावर असल्यासारखी जाई. ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरेने १९७८ मध्ये याला उत्तर दिले ते गाडीच्या मागे मोठा पंखा बसवून. हा पंखा पोटाखालची हवाच उपसून काढी. हवेच्या दाबासाठी हलते भाग वापरायला नियमात बंदी होती. मरेने पंख्यावरून इंजिन थंड करणारी हवाही नेली आणि पंख्याचे मुख्य काम इंजिन थंड करणे हेच आहे अशी भूमिका घेतली. स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला निकी लाउडा त्या गाडीत बसून अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. त्यानंतर ती गाडी अजिंक्यपदात पुन्हा उतरली नाही.

तीन वर्षांनी याच मरेने त्याहून सुंदर काम केले. १९८१ साठी नियम आला की गाडीचा तळ जमिनीपासून किमान सहा सेंटिमीटर वर हवा. खालून हवेची झिरप वाढावी, ओढ कमी व्हावी, वळणातला वेग उतरावा हा उद्देश. पण सहा सेंटिमीटर मोजणार कुठे? ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीखाली कोणी मोजपट्टी धरू शकत नाही. मोजणी पिटमध्ये, उभ्या गाडीची होणार. मरेने असे सस्पेन्शन बनवले की वेग वाढला की हवेच्या भाराने गाडी खाली बसे आणि वेग उतरला की हळूहळू वर येई. पिटमध्ये येईपर्यंत सहा सेंटिमीटर भरलेले. नेल्सन पिके त्या वर्षी याच गाडीतून जगज्जेता झाला. प्रतिस्पर्ध्यांनी आधी आरडाओरडा केला, मग प्रत्येकाने आपापली तशीच यंत्रणा बसवली. अखेर १९८३ पासून गाडीचा तळ सपाट करण्याची सक्ती करून तो सगळा प्रकार बंद करावा लागला.

याला फसवणूक म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. नियमाने जे मोजायचे ठरवले ते मोजून मिळाले. जे मोजायचे ठरवलेच नाही ते गृहीत धरायचा अधिकार नियम लिहिणाऱ्याला नसतो. २०२६ च्या इंजिनाच्या नियमांतही हाच पेच पुन्हा उभा राहिला. सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण किती पट दाबायचे याची मर्यादा १८ वरून १६ वर आणली गेली, पण मोजणी थंड इंजिनावर करायची असे ठरले. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो. मग धावताना हा आकडा १६ च्या वर नेणारे इंजिन नियमात बसते का, यावर हंगामाआधीच खडाजंगी सुरू झाली. पंचेचाळीस वर्षे लोटली तरी प्रश्न तोच आहे: मोजणार कधी आणि कुठे?

मग हे नियम ठरवतो कोण? पॅरिसला मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, ही नियामक संस्था. व्यापारी हक्क असलेली कंपनी वेगळी. आणि ज्यांच्या गाड्या धावतात ते संघ वेगळे. १९८० च्या सुमारास महासंघाचे ज्याँ-मारी बालेस्त्र आणि संघांच्या बाजूने बर्नी एकलस्टन व मॅक्स मोझली यांच्यात उघड युद्ध पेटले होते. १९८१ मध्ये झालेल्या तहाला पॅरिसमधल्या ज्या चौकात महासंघाचे कार्यालय आहे त्याचे नाव मिळाले: काँकॉर्ड करार. त्याच्या नव्यानव्या आवृत्त्यांवर हा खेळ आजही चालतो. २०२१ पासूनच्या व्यवस्थेत फॉर्म्युला वन आयोगात महासंघाची १० मते, कंपनीची १० आणि १० संघांचे प्रत्येकी एक अशी ३० मते होती. पुढच्या हंगामाचा नियम बदलायला २५ मते लागत, चालू हंगामात बदल करायचा तर २८. त्याआधी चालू हंगामातला बदल एकमतानेच होऊ शके. म्हणूनच मेलबर्नच्या फजितीनंतर सगळे वैतागलेले असूनही पर्यायावर एकमत होईना, आणि बहारीनमध्ये तीच पद्धत पुन्हा राबवावी लागली. तिसऱ्या शर्यतीपासून, चीनमध्ये, जुनी पद्धत परत आली.

या मतमोजणीला एकच मोठा अपवाद आहे. सुरक्षेचे कारण असेल तर महासंघ संघांच्या संमतीवाचून नियम लावू शकतो. हा अधिकार फुकट मिळालेला नाही.

१९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर भर पावसात जॅकी स्ट्युअर्टची गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. तो चुरगळलेल्या गाडीत अडकला होता आणि अंगावर पेट्रोल गळत होते. एक ठिणगी पुरली असती. ना मदतीला प्रशिक्षित माणसे, ना हत्यारे. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन ड्रायव्हरांनी त्याला बाहेर काढले, आणि स्टिअरिंग सोडवायला लागणारा पाना एका प्रेक्षकाच्या गाडीतून आणावा लागला. त्यानंतर स्ट्युअर्टने सीटबेल्ट, कठडे, डॉक्टर, अग्निशमन यांसाठी वर्षानुवर्षे भांडण मांडले. त्याला भित्रा म्हणण्यात आले. धोका हाच या खेळाचा आत्मा आहे असे मानणारे लोक तेव्हा बहुमतात होते. आज त्याच्या एकाही मागणीबद्दल कोणी वाद घालत नाही.

धोका डोळ्यांनी दिसला की नियम किती चटकन येतो त्याचे उदाहरण १९६९ चे. गाड्यांवर उंच काठ्यांवर बसवलेले पंख आले होते, थेट सस्पेन्शनला जोडलेले. ४ मे रोजी बार्सिलोनाच्या मोंतजुईक ट्रॅकवर ग्रॅहॅम हिलच्या लोटसचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनंतर योखेन रिंटच्या लोटसचाही पंख मोडला आणि ती हिलच्या गाडीच्या अवशेषांवर जाऊन धडकली. दोन आठवड्यांनी मोनॅकोत पहिला सराव झाला आणि तिथल्या तिथे उंच पंखांवर बंदी आली.

पण सुरक्षेचा प्रत्येक प्रस्ताव इतक्या सहज पचत नाही. ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीच्या हेलो नावाच्या कड्याची गोष्ट पाहा. २००९ मध्ये फॉर्म्युला २ च्या शर्यतीत सुटलेले चाक डोक्यावर आदळून हेन्री सर्टीस गेला. त्याच महिन्यात हंगेरीत पुढच्या गाडीतून निखळलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर बसली. २०१४ मध्ये जपानमध्ये ज्यूल बियांकीची गाडी क्रेनखाली घुसली आणि नऊ महिन्यांनी त्याचे निधन झाले. महासंघाने टायटॅनियमचे कडे बसवायचा प्रस्ताव रेटला, तेव्हा हवाई चपलेच्या पट्ट्यासारखे दिसते म्हणून त्याची टिंगल झाली. करवत आणून ते कापून टाकावेसे वाटते, असे मर्सिडीजचा प्रमुख टोटो वोल्फ जाहीरपणे म्हणाला. रोमँ ग्रोजाँसह काही ड्रायव्हरांचाही विरोध होता. उघडी गाडी ही या खेळाची ओळख, ती जाईल, हा त्यांचा मुद्दा मला मनापासून समजतो. पण महासंघ मागे हटला नाही आणि २०१८ पासून कडे सक्तीचे झाले.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये पहिल्याच फेरीत ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्याचे पत्रे फाडून आत घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि पेट घेतला. कठड्याचे पत्रे त्याच्या डोक्याशी आले होते, ते त्या कड्याने बाजूला सारले. जवळजवळ अर्धा मिनिट आगीत राहून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हात भाजले होते. इस्पितळातून त्याने सांगितले की आपण एकेकाळी या कड्याच्या विरोधात होतो आणि ते नसते तर आज बोलायला नसतो.

तरीही सुरक्षेच्या नावाखाली सगळे निर्मळ असते असे नाही. २०२२ मध्ये पोटाखालच्या हवेचे तंत्र नियमाने परत आणले गेले आणि गाड्या सरळ रस्त्यावर इतक्या हिसकू लागल्या की ड्रायव्हरांना पाठदुखी जडली. महासंघाने तळाच्या कडा २५ मिलिमीटर उचलण्याचा प्रस्ताव मांडला. ज्यांच्या गाड्या हिसकत नव्हत्या त्यांनी विरोध केला, कारण त्यांची आघाडी जाणार होती. शेवटी १५ मिलिमीटरवर तडजोड झाली. पाठीच्या मणक्यांचा प्रश्नही घासाघीस करून सुटला. २००५ मध्ये इंडियानापोलिसला उलटेच घडले. त्या हंगामात संपूर्ण शर्यत एकाच टायर-संचावर पुरी करायची असा नियम होता. तिथल्या कलत्या, वेगवान वळणावर मिशेलिनचे टायर टिकणार नाहीत हे उघड झाले. वळणाआधी वेग कमी करणारे तात्पुरते वळण घालावे असा त्यांच्या संघांचा प्रस्ताव महासंघाने फेटाळला. १४ गाड्या एक फेरी मारून पिटमध्ये परतल्या, आणि ब्रिजस्टोनच्या टायरांवरच्या फक्त ६ गाड्यांची शर्यत झाली. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन त्यात चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्याच्या यशाची ती बाजू सांगितल्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही. पुढच्या वर्षी शर्यतीत टायर बदलायची मुभा परत आली.

पैशाच्या नियमांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. २००९ मध्ये, तोवर महासंघाचा अध्यक्ष झालेल्या मोझलीने प्रत्येक संघाच्या वर्षाच्या खर्चावर ४ कोटी पौंडांची मर्यादा सुचवली. मोठ्या संघांनी वेगळी स्पर्धा काढायची धमकी दिली आणि मोझलीलाच पद सोडावे लागले. बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, १४.५ कोटी डॉलरची मर्यादा लागू झाली, तीही आधी ठरलेल्या १७.५ कोटींवरून करोनाच्या वर्षात खाली आणून. मर्यादा मोडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंड आणि वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांत १० टक्के कपात झाली. एकदा नाकारलेला प्रस्ताव संकटाच्या वर्षी सोन्यासारखा वाटू लागतो.

थराराच्या प्रस्तावांचे मात्र असे होत नाही. एकलस्टनने २०११ मध्ये ट्रॅकवर कृत्रिम पाऊस पाडायची कल्पना मांडली होती. त्याआधी गुणांऐवजी ऑलिंपिकसारखी पदके द्यायचे त्याच्या मनात होते. २००९ च्या मार्चमध्ये महासंघाने खरोखरच सर्वाधिक शर्यती जिंकणारा तो जगज्जेता असे जाहीर केले, आणि संघांच्या विरोधामुळे काही दिवसांतच मागे घेतले. २०१४ ची अखेरची, अबू धाबीची शर्यत दुप्पट गुणांची केली, ते एकाच वर्षात बंद झाले. मागच्यांना पुढे उभे करायची उलट्या रांगेची कल्पना पुनःपुन्हा आली आणि नाकारली गेली. खालच्या फॉर्म्युला २ मध्ये ती चालते, आणि तिथे वाईटही नाही. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० च्या डिसेंबरात बहारीनमध्ये फॉर्म्युला २ ची आपली पहिली शर्यत जिंकली ती अशाच रांगेतून. पण तिथे सगळ्यांच्या गाड्या सारख्या असतात आणि तरुण ड्रायव्हरांना ओव्हरटेक करायला शिकवणे हाच हेतू असतो. वरच्या पातळीवर गाडी कोणी चांगली बांधली हीच अर्धी स्पर्धा आहे. ती झाकून टाकणारा नियम खेळालाच झाकतो.

अगदी अलीकडचे उदाहरण मोनॅकोचे. तिथल्या अरुंद रस्त्यांवर पुढे जाताच येत नाही, म्हणून २०२५ मध्ये टायरांचे तीन संच वापरायची, म्हणजे किमान दोनदा पिटमध्ये जाण्याची सक्ती केली. काय झाले? रेसिंग बुल्सने आणि मग विल्यम्सने आपल्या एका ड्रायव्हरला मुद्दाम हळू चालवायला लावले. त्याच्या मागे सगळी रांग तुंबली आणि पुढच्या साथीदाराला पिटमध्ये जाऊन यायला आरामात जागा मिळाली. ज्या अरुंदपणावर उपाय म्हणून नियम आला, तोच अरुंदपणा नियमाने संघांच्या हाती हत्यार म्हणून दिला. मागच्या रांगेत अडकलेल्या ड्रायव्हरांची चिडचिड मला रास्त वाटते.

या पार्श्वभूमीवर २०२६ चे नियम पाहावेत. इतका मोठा बदल एका झटक्यात क्वचितच झाला आहे. इंजिन १.६ लिटरचे सहा सिलिंडरांचेच, पण विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर, म्हणजे एकूण शक्तीत वीज आणि इंधन जवळजवळ निम्मेनिम्मे. इंधन शाश्वत स्रोतांतले. टर्बोमधून वीज बनवणारे महागडे, किचकट यंत्र रद्द. गाडीचे किमान वजन ७६८ किलो, रुंदी दहा सेंटिमीटरने आणि चाकांमधले अंतर वीस सेंटिमीटरने कमी. मागच्या गाडीला मागचा पंख उघडायची जी मुभा २०११ पासून होती ती गेली. आता सरळ रस्त्यावर सगळ्यांचे पंख सपाट होतात आणि वळणावर परत उभे राहतात. मागून येणाऱ्याला वेगळी सवलत मिळते ती विजेची.

पंख हलवायची गरज विजेमुळेच पडली, ही या नियमांची खरी मेख आहे. मोंझासारख्या लांब सरळ ट्रॅकवर ३५० किलोवॅट सतत वापरले तर बॅटरी रस्ता संपायच्या आधीच रिकामी होईल. म्हणून हवेचा अडथळा कमी करायला पंख सपाट करायचे, आणि २९० किलोमीटरच्या पुढे विजेची मदत हळूहळू कमी करत न्यायची. एका आकड्याने दुसरा नियम जन्माला घातला आणि दुसऱ्याने तिसरा. ही साखळी काळजीची आहे हे महासंघालाही दिसत होते. एप्रिल २०२५ मध्ये शर्यतीत विजेची ताकद ३५० ऐवजी २०० किलोवॅट ठेवावी असा प्रस्ताव आयोगापुढे चर्चेला आला. गाड्या अजून ट्रॅकवर उतरल्याही नव्हत्या, पण कारखान्यांत मोटरी आणि बॅटऱ्या तयार होत होत्या, आणि ज्यांना आपली विजेची बाजू भक्कम वाटत होती त्यांनी बदलाला साथ दिली नाही.

त्याआधी फेब्रुवारीत महासंघाचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायेम यांनी आणखी पुढची कल्पना मांडली होती: शाश्वत इंधनावर चालणारी दहा सिलिंडरांची जुनी, गर्जणारी इंजिने परत आणावीत. बहारीनमध्ये इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांची बैठक झाली आणि २०२६ च्या नियमांना सगळ्यांनी बांधील राहायचे ठरले. मग बोलणे आठ सिलिंडरांवर आले, पण दशकाच्या अखेरीसाठी. गर्जनेची ओढ मलाही आहे. नव्वदच्या दशकातली ती इंजिने ज्याने ऐकली, त्याला टर्बोचा दबका आवाज पुरेसा वाटणे कठीण.

पण ऑडीने २०२२ मध्ये या खेळात उतरण्याची घोषणा केली ती विजेचा वाटा वाढवणारे नियम मंजूर झाल्यावरच. होंडाने २०२१ नंतर बाहेर पडायचे ठरवले होते, ती याच नियमांकडे पाहून परत फिरली. फोर्ड रेड बुलबरोबर आली, कॅडिलॅक अकरावा संघ म्हणून आली. आठ सिलिंडरांचा प्रस्ताव जेव्हा मतदानाला येईल, तेव्हा बॅटरीवर गुंतवणूक केलेल्या याच कंपन्या त्या टेबलाभोवती बसलेल्या असतील. त्यांतल्या कोणाकोणाला नवे इंजिन पुन्हा पहिल्यापासून बांधायचे आहे, हे आधी विचारावे लागेल.